सेटर कामात अव्वल आहे, पण त्याच्यामुळे मुले टिकत नाहीत

प्रश्न (टूलरूमचालक, भोसरी):
आमची २२ माणसांची टूलरूम (साचे आणि टूल बनवणारे वर्कशॉप) आहे. आमचा व्हीएमसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारे मशिन) सेटर, म्हणजे मशिनवर जॉब आणि टूल बसवून ते कामाला तयार करणारा माणूस, नऊ वर्षे आमच्याकडे असून, ज्या सेटिंगला इतरांना चार तास लागतात ते तो दोन तासांत करतो आणि त्याचा जॉब सहसा रिजेक्ट होत नाही. मात्र तो मुलांना सर्वांदेखत शिव्या देतो, हातातले मायक्रोमीटर हिसकावून घेतो, आणि वर्षभरात आयटीआय झालेली तीन मुले त्याच्यामुळे काम सोडून गेली. दोनदा समजावले, तेव्हा "मग दुसरा सेटर बघा" असे त्याने सुनावले. त्याच्याशिवाय डिलिव्हरीच्या तारखा कशा पाळायच्या?

उत्तर (निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर, चिंचवड):
ते दोन तास नेमके कशामुळे होतात, हे आधी तपासा. टूल लिस्ट, झीरो पॉइंट (मापे जिथून धरतात तो बिंदू), ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) आणि फीड (टूल सरकण्याचा वेग) त्याच्या खासगी वहीत असतील आणि इतरांना प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागत असेल, तर त्याच्या वेगाचा काही भाग इतरांना अडवून मिळवलेला आहे. प्रत्येक रिपीट (पुन्हा पुन्हा येणाऱ्या) जॉबची सेटिंग शीट, म्हणजे ही सगळी माहिती लिहिलेला कागद, मशिनपाशी लागली पाहिजे आणि तपासलेला प्रोग्रॅम ऑफिसच्या संगणकावर आला पाहिजे, हे त्याच्या कामाचाच भाग म्हणून लेखी सांगा. वागणुकीवर निर्वाणीचे बोलणे त्यानंतर करा, कारण आज तुमच्या आवाजात भीती आहे आणि ती त्याला ऐकू येते.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०१५ च्या एका शोधनिबंधात मायकेल हाउसमन आणि डिलन मायनर यांनी ११ कंपन्यांतील ५०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अव्वल १ टक्क्यातला माणूस मिळाल्याने होणारा लाभ सुमारे ५,३०० डॉलर, तर घातक माणूस टाळल्याने होणारी बचत सुमारे १२,५०० डॉलर, असा त्यांचा हिशेब होता. तिथे घातक म्हणजे गंभीर गैरवर्तनामुळे काढावा लागलेला माणूस, त्यामुळे हे आकडे तुमच्या सेटरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण सोडून गेलेल्या तीन मुलांच्या शिकवणीचा खर्च तुम्ही कुठेच मांडलेला नाही, हे मात्र खरे.

उत्तर (कामगार कायद्याचा सल्लागार, पुणे):
रागाच्या भरात त्याला "उद्यापासून येऊ नको" असे सांगू नका. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा, मेमो द्या, त्याचा खुलासा घ्या. तरीही फरक पडला नाही तर आरोपपत्र देऊन रीतसर चौकशी करा आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी द्या. एखाद्या महिला कर्मचाऱ्याने लैंगिक स्वरूपाच्या बोलण्याची तक्रार केली, तर ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या तुमच्यासारख्या ठिकाणी ती समिती असणे बंधनकारक आहे.

उत्तर (प्रोग्रॅमर, चाकण):
मी अशाच एका सेटरच्या हाताखालून निघून गेलो होतो. शिव्यांपेक्षा मला जास्त लागले ते हे, की मालक काचेच्या केबिनमधून सगळे पाहत असत आणि बाहेर येत नसत. तुम्ही त्याच्याशी दोनदा बोललात, ते त्या मुलांना कळले होते का?

प्रश्नकर्ता:
नाही, दोन्ही वेळा केबिनमध्ये एकट्यालाच बोलावले होते. आज रिपीट जॉब मोजले. ४१ पैकी फक्त सहांच्या सेटिंग शीट सापडल्या. सोमवारी त्याला लेखी पत्र देतो आहे आणि महिनाभर सकाळच्या शिफ्टला स्वतः मशिनपाशी थांबणार आहे.