लै दमेपर्यंत पळालं की हृदयाला गंज चढतो म्हणे, खरंय का?

जुळेसोलापूरकर:
धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करायलाय, वय 21. सगळा जीव 1600 मीटरमध्ये अडकलाय कारण त्याला एकट्याला 20 मार्क हायेत. ट्रेनिंगवाले सर शिट्टी फुंकून पोरांना पार पडेपर्यंत राउंड मारायला लावतेत, आठवड्याचे सातही दिवस. परवा बघायला गेलो तर शेवटच्या राउंडला कुंपणाची जाळी धरून ओकला, ओठ पांढरेफटक, आणि पाच मिनिटात परत रांगेत उभा. त्यात जिममधल्या एकानं डोक्यात भरवलं की एवढं दमलं की फ्री रॅडिकल होतेत आणि हृदयाला गंज चढतो, म्हणून रोज व्हिटॅमिन सीची हजारची गोळी आन ईची कॅप्सूल घे. मेडिकलातून आणलीत पण. आई म्हणते पळणंच बंद कर. कुणी शिकलेलं असेल तर नीट सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत.

फार्मसीवाला:
जिमवाल्याचं निम्मं बरोबर आहे, गोळीचं मात्र गडबड आहे.

फ्री रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणारे, आजूबाजूच्या पेशींना इजा करणारे तिखट कण, होतात हे खरं. 1982 मध्येच उंदरांना थकून पडेपर्यंत पळवून बघितलं होतं, स्नायू आणि यकृतात ते दोन ते तीन पट सापडले. नंतर हृदयावरही बरेच प्रयोग झाले, ट्रेडमिलवर पळवून किंवा शेपटीला वजन बांधून पोहायला लावून (बिचारे उंदीर), आणि त्यात बऱ्याच वेळा हृदयाच्या पेशींमधली चरबी खराब झाल्याच्या खुणा, म्हणजे एमडीए, वाढलेल्या दिसल्या. हृदयच यात का सापडतं तर ते कधी थांबतच नाही, पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा माइटोकॉन्ड्रियानं (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले कारखाने) भरलेला, आणि नुसतं बसलेलं असतानाही रक्तातला 70 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन ते ओढून घेतं. पळताना जास्त लागला तर रक्तच जास्त यावं लागतं, दुसरा मार्ग नाही. या सगळ्या धावपळीत माइटोकॉन्ड्रियातले काही इलेक्ट्रॉन भलतीकडे निसटतात आणि त्यातून फ्री रॅडिकल होतात, वरून ॲड्रेनलीन उसळलेलं असतं त्याचीही भर पडते.

पण हे सवय नसलेल्या उंदराला एकदम मरेस्तोवर पळवल्यावरचं. त्याच उंदराला रोज बेतानं पळवलं तर हृदय स्वतःचं संरक्षण वाढवतं, माइटोकॉन्ड्रियातलं एसओडी नावाचं, फ्री रॅडिकल निकामी करणारं एन्झाइम वाढतं, आणि सलग तीन ते पाच दिवसांच्या व्यायामानंतरसुद्धा रक्तपुरवठा तोडून परत सुरू केल्यावर होणारी इजा कमी होते असं दिसलंय. म्हणजे थोडा ताण पाहिजेच, त्यातूनच शरीर शिकतं. म्हणून आईंना सांगा, पळणं बंद करायची गरज नाही.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर 2009 मध्ये जर्मनीत तरुण पोरांना व्यायामाबरोबर नेमक्या याच गोळ्या दिल्या, सी 1000 मिलिग्रॅम आणि ई 400 युनिट. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांमध्ये ते सुधारलंच नाही. ते स्नायूंचं होतं, हृदयाचं नाही, तरी पैसे घालून व्यायामाचा फायदा कशाला मारायचा? पेरू खा, लिंबू पिळा, शेंगाचटणी भाकरी आहेच की.

कंबरतलाव_पळापळ:
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, पण मला तुमच्या त्या सरांचाच राग आलाय बे. सातही दिवस फुल जोर म्हणजे ट्रेनिंग नाही, छळ आहे. जोरात पळायचं आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं, एक दिवस निवांत झोप. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायला सांगा, रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त आले तर त्या दिवशी जोर नको. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा आठ वाजता मैदानावर उभं राहून काय करणार, उजाडायच्या आत आटपा.

जुळेसोलापूरकर:
सर ऐकणाऱ्यातले नाहीत ओ, सुट्टी मागितली तर पोरांसमोर "बायकी" म्हणतेत. ते ट्रोपोनिन का काय टेस्ट असते ती करून घेऊ का?

फार्मसीवाला:
उगाच नका करू. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं. मॅरेथॉन पळालेल्या चांगल्या धडधाकट माणसांचंही ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं, आणि बहुतेकांचं एक ते तीन दिवसांत खाली येतं. काही त्रास नसताना पळाल्या पळाल्या तपासलं तर घरात नुसता घोर लागेल.

माझं म्हणाल तर फ्री रॅडिकल ही तुमची खरी काळजी नाहीच. भरतीत पळताना पोरं गेल्याच्या बातम्या येतात त्यात उष्माघात असतो, नाहीतर आधीपासून लपलेला हृदयाचा आजार, भिंत जाड झालेली वगैरे. एकदा साधा ईसीजी काढा आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का ते डॉक्टरांना सांगा, त्यांना वाटलं तर इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील. पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, किंवा धडधड थांबेना, तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि ताप असताना पळायचं नाही, व्हायरलमध्ये हृदयाला सूज येऊ शकते.

कंबरतलाव_पळापळ:
आणि सर बायकी म्हणाले तर म्हणू द्या, मार्क ते देणार नाहीत. भावाला सांगा त्यांच्यासमोर चार राउंड मागं रेंगाळत मारायचे, सगळे तेच करतेत.

जुळेसोलापूरकर:
😄 सांगतो. गोळ्यांची पाकिटं फोडली नाहीत अजून, मेडिकलवाला परत घेतो का बघतो. ईसीजी सोमवारी.