न्यूट्रल पॉइंटसाठी विमान अस्थिर करावे लागत नाही

न्यूट्रल पॉइंट म्हणजे विमानातली ती जागा, जिच्या मागे गुरुत्वमध्य गेला की विमान अस्थिर होते. तो शोधायचा तर विमान अस्थिर होईपर्यंत गुरुत्वमध्य मागे न्यावा लागतो, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. तसा धोका पत्करण्याची गरजच नसते. गुरुत्वमध्य मर्यादेच्या आतच दोन-तीन जागी ठेवून, प्रत्येक वेळी निरनिराळ्या वेगांना स्थिर समतल उड्डाण करून एलिव्हेटरचा (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीचा) कोन नोंदवतात (इंधन जळताना गुरुत्वमध्यही सरकतो, त्याचा हिशेब ठेवूनच) आणि तो उत्थापन गुणांकासमोर (पंख किती उचल देतात ते दाखवणारा आकडा; वेगानुसार बदलतो) आलेखावर मांडतात. गुरुत्वमध्य जितका मागे, तितका रेषेचा उतार कमी. हे उतार गुरुत्वमध्याच्या स्थानासमोर मांडून रेषा पुढे वाढवली की जिथे उतार शून्य होतो, तोच न्यूट्रल पॉइंट. अर्थात तो स्टिक (वैमानिकाचा नियंत्रण-दांडा) धरून ठेवलेल्या अवस्थेतला. केबलने चालणाऱ्या साध्या नियंत्रणांत स्टिक सोडलेल्या अवस्थेतला बिंदू सहसा नाकाच्या बाजूला सरकलेला असतो.