नवी छोटी गाडी की सहा वर्षं वापरलेली मोठी सेडान?

सांजवारा (धागाकर्ता)

महिनाभर हाच विचार डोक्यात आहे, म्हणून इथे मांडतो.

घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामोपचाराला न्यावं लागतं. बाकी रोजची धाव दहा-बारा किलोमीटरची. पण मुलगी लांब राहते, तिच्याकडे वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं आणि तो प्रवास सात-आठ तासांचा आहे.

आमच्या बजेटमध्ये दोन गाड्या बसतात. एक कोरी करकरीत, पावणेचार मीटरची हॅचबॅक. दुसरी सहा वर्षं वापरलेली, पाच मीटरहून लांब अशी आलिशान सेडान. एअर सस्पेन्शन, दुहेरी काचा, मागे पाय सोडून बसता येईल एवढी जागा. किंमत जवळपास सारखीच.

दोन्ही चालवून पाहिल्या आणि खरं सांगायचं तर मन सेडानवर बसलंय. दार लागलं की बाहेरचं जग बंद होतं. आईला आयुष्यात एकदा तरी अशा गाडीतून न्यावं, असं फार वाटतं. पण धाकधूकही आहे. दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने लिहा.

स्पॅनर

एकोणीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, ही सेडान घेऊ नका.

कारण एकच, पण ते नीट समजून घ्या. वापरलेल्या मोठ्या गाडीची *किंमत* घसरलेली असते, तिचा *खर्च* घसरलेला नसतो. बाजारात गाडी छोट्या गाडीच्या भावात मिळते, पण तिचा हेडलाइट, कंट्रोल युनिट, ब्रेक डिस्क हे सगळं नव्या आलिशान गाडीच्याच भावात येतं. पहिल्या मालकाने नेमकी वॉरंटी संपल्यावर ती का विकली, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आता एअर सस्पेन्शन. त्यात लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. रबर वयाने चिरतं, गाडी कमी चालली असली तरी चिरतं. आधी बारीक गळती लागते. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसते. मालक म्हणतो, सुरू केली की वर येते, मग चालवू अजून थोडे दिवस. पण ती उचलण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि एक दिवस तोही जळतो. जे काम एका पिशवीत आटोपलं असतं, ते दुप्पट-तिप्पट होतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की अशा गाडीचा मालक दारात आला की आधी मी चारही चाकांवरच्या फटीत बोटं घालून उंची बघतो.

छोट्या गाडीला साधी कॉइल स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर. झिजला, बदलला, अर्ध्या दिवसात गाडी घरी.

लांबपल्ला

स्पॅनर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण तुमच्याकडे बिघडलेल्याच गाड्या येतात. माझी अशीच सेडान पाच वर्षं माझ्याकडे आहे. घेण्याआधी पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड तपासला, पिशव्या स्वतः बदलून घेतल्या, तो खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरला. त्यानंतर तिने एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही.

धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा आरामाचा आहे आणि तो कुणी हसण्यावारी नेऊ नये. लांब गाडी मऊ चालते हा गादीचा परिणाम नाही, त्यामागे भूमिती आहे. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की गाडीचं नाक डुलतं, मग मागचं चाक जातं आणि शेपूट डुलतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असेल तर हे पुढेमागे झुलणं सौम्य होतं. छोट्या गाडीत दोन चाकांमध्ये अंतर सुमारे अडीच मीटर, मर्सिडीझच्या आलिशान सेडानमध्ये, म्हणजे सध्याच्या लांब एस-क्लासमध्ये, 3.2 मीटर. शिवाय वजनदार गाडीत चाकाच्या वजनाच्या मानाने वरची बॉडी बरीच जड असते, त्यामुळे चाक उसळलं तरी बॉडी तितकी हलत नाही. सात तास बसल्यावर पाठीला हा फरक कळतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तर मिनिटामिनिटाला कळतो, कारण त्याला मधूनमधून सरळ व्हायला जागा लागते.

छोट्या गाडीत मागे बसून सात तास पाय दुमडून प्रवास करणारी वयस्कर माणसं मी पाहिली आहेत. उतरल्यावर पहिली दोन मिनिटं ती दाराला धरून उभी असतात.

मनवा

लांबपल्ला, ते सात तास वर्षातून पाच वेळा, जाऊन-येऊन दहा दिवस. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं काय?

आणि आईंच्या गुडघ्याचाच विचार करायचा तर सेडान उलट त्रासाची आहे. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, म्हणून हे रोज बघते. त्यांना अडचण बसून राहण्याची नसते, *बसण्याची आणि उठण्याची* असते. सेडानची सीट जमिनीलगत असते. आधी मान वाकवून उतरत्या छपराखालून शिरायचं, मग गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडत खाली जायचं, आणि उतरताना तोच सगळा भार गुडघ्यावर घेऊन वर यायचं. उंच बांध्याच्या छोट्या गाडीत सीट कमरेच्या जवळ येते. पाठ टेकवायची, वळायचं, पाय आत घ्यायचे. स्वतःचं स्वतः. हे "स्वतःचं स्वतः" त्यांच्यासाठी किती मोठं असतं, ते प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

मोठ्या गाडीचं मागचं दारही लांब असतं. शेजारी गाडी उभी असेल तर ते अर्धंच उघडतं. मग त्या आलिशान जागेत शिरायचं कुठून?

छोटी म्हणजे तडजोड, हे आपण उगाच धरून चालतो. 1956 च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं, त्यातून अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने मिनी ही छोटी गाडी घडवली. 1959 साली ती आली तेव्हा जेमतेम तीन मीटर लांब होती आणि तरी तळाच्या सुमारे 80 टक्के जागेत माणसं आणि सामान मावत होतं. त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाखाली सरकवला, चाकं दहा इंची घेतली. यंत्राला किती कमी जागा देता येईल, असा उलटा विचार त्याने केला. आजच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं.

स्पॅनर

आडव्या इंजिनाबद्दल एक भर घालतो, कारण हा माझा आवडीचा विषय. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत, ते दोघांनाही सोयीचं नव्हतं. आज आपण जी मांडणी वापरतो, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला आणि चाकांना शक्ती पोचवणारे दोन असमान लांबीचे दांडे (ड्राइव्हशाफ्ट), ती फियाटच्या दान्ते जिआकोझा या अभियंत्याने 1964 च्या आउटोबियांकी प्रिमुला या गाडीत आणली आणि 1969 च्या फियाट 128 ने ती घराघरांत पोचवली.

भौतिकी

सुरक्षेबद्दल अजून कुणीच बोललं नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा.

साधं गणित आहे. 1000 किलोची छोटी गाडी आणि 2000 किलोची सेडान, दोन्ही ताशी 50 किलोमीटरने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या. संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, जपला जातो, त्यामुळे दोन्ही मिळून सेडानच्या दिशेने ताशी सुमारे 17 किलोमीटरने सरकतात. म्हणजे सेडानमधल्या माणसाचा वेग 50 वरून 17 वर आला, फरक 33 चा. छोट्या गाडीतला माणूस 50 ने पुढे जात होता तो 17 ने मागे ढकलला गेला, फरक 67 चा. बरोबर दुप्पट. शरीराला जखम या फरकाने होते.

हे कागदावरचं नाही. गाड्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या घेणाऱ्या अमेरिकेच्या आयआयएचएस संस्थेने 2009 साली एकाच कंपनीची छोटी आणि मध्यम गाडी अशा जोड्या समोरासमोर आदळवल्या: स्मार्ट फोरटू आणि मर्सिडीझची सी-क्लास, होंडा फिट आणि अॅकॉर्ड, टोयोटा यारिस आणि कॅमरी. तिन्ही छोट्या गाड्यांना त्या चाचणीत सर्वांत खालची श्रेणी मिळाली. एकट्याने अडथळ्यावर आदळण्याच्या चाचणीत मात्र याच गाड्या चांगल्या ठरल्या होत्या. म्हणून दोन वेगळ्या आकारांच्या गाड्यांना सुरक्षा चाचणीत मिळालेल्या ताऱ्यांची तुलना करू नये. स्थिर भिंतीवर आदळताना गाडी एका अर्थाने स्वतःच्याच वजनाशी लढते. रस्त्यावर समोरचं वजन आपल्या हातात नसतं.

आणखी एक. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये, गाडी घसरू लागली की सावरणारं स्थिरता नियंत्रण 1995 मध्ये आधी एस-क्लासच्या घरात आलं. मोठ्या गाड्यांत नवी सुरक्षा आधी येते, छोट्यांना नंतर मिळते. आईला मागे बसवणार असाल तर मी जडच गाडी घेईन.

मनवा

भौतिकी, गणित मान्य. पण त्याच समीकरणाची दुसरी बाजू तुम्ही लिहिली नाहीत. सेडानवाल्याचा फरक 33 वर येतो, कारण समोरच्याचा 67 वर जातो. ती सुरक्षा आपण समोरच्या छोट्या गाडीतल्या कुणाच्या तरी आईकडून घेतो. मला हे सोडून पुढे जाता येत नाही.

आणि स्थिरता नियंत्रणाचा उल्लेख केलात तर 1997 सुद्धा सांगा. मर्सिडीझची छोटी ए-क्लास एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक समोर प्राणी आल्यासारखं वळवताना उलटली. त्यानंतर कंपनीने गाडीत बदल केले आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये स्थिरता नियंत्रण जादा पैसे न घेता दिलं. जे तंत्र तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत होतं, ते एका छोट्या गाडीच्या चुकीमुळे सर्वसामान्यांकडे आलं.

भौतिकी

ए-क्लासचा मुद्दा बरोबर, तो मी लिहायला हवा होता. समोरच्याच्या आईचा मुद्दाही बरोबर आहे, आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. 2020 पासून युरो एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणारी युरोपीय संस्था 1400 किलोच्या चालत्या ट्रॉलीवर गाडी आदळवते आणि ट्रॉलीचा पुढचा भाग किती वाईट चेपला यावरून गुण कापते, म्हणजे दुसऱ्याला केलेल्या इजेचा हिशेब आता थोडा तरी होतो. पण वजनाचं गणित त्याने बदलत नाही. रस्त्यावर जड वाहनं आहेतच, आणि मी माझ्या माणसांना हलक्या गाडीत बसवायला तयार नाही.

लांबपल्ला

भौतिकींशी सहमत. मनवांच्या दाराच्या मुद्द्यावर मात्र सांगतो: मी आधी बाहेर मोकळ्या जागी सर्वांना उतरवतो, मग गाडी लावतो. पाच वर्षांत याची सवय झाली. आणि वळायला मोठी गाडी जड जाते हे आता तितकंसं खरं नाही; नव्या एस-क्लासची मागची चाकं 10 अंशांपर्यंत वळू शकतात आणि मग पाच मीटरहून लांब असून ती 11 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते.

स्पॅनर

नव्या. धागाकर्ते सहा वर्षांची घेतायत. आणि मागची चाकं वळवणारी मोटर हा बिघडू शकणारा आणखी एक भाग आहे.

सांजवारा

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. मनवांचं वाचून काल मोजपट्टी घेऊन गेलो. आई ज्या खुर्चीवरून घरात सहज उठते ती 52 सेंटिमीटर उंच आहे. सेडानची मागची सीट जमिनीपासून 47, हॅचबॅकची 58.

मग आईलाच घेऊन गेलो. छोट्या गाडीत ती हात न धरता बसली आणि उतरली. सेडानमधून उतरताना मी आणि बायको, दोघांनी दोन बाजूंनी धरलं, तरी तिने डोळे मिटून घेतले. पण त्याआधी विक्रेत्याने सेडानमधून अर्ध्या तासाची फेरी मारली, तेव्हा ती मागे पाय लांब करून गाढ झोपली होती. प्रवासात ती झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. घरी आल्यावर ती म्हणाली, "बसायला ती मोठी छान आहे रे. पण मला दर वेळी कुणी ओढून काढावं लागेल, ते नको."

स्पॅनर, तुमच्यासारखी सेडानच्या मागच्या चाकांवरच्या फटीत बोटंही घालून पाहिली. उजवीकडे चार बोटं गेली, डावीकडे तीन.

छोटीच घेतोय. मुलीकडे जाताना दर दीड तासाला थांबायचं ठरवलंय, आणि पुढची प्रवासी सीट पूर्ण मागे सरकवून आईला पुढे बसवायचं. भौतिकी, तुमचं गणित विसरलेलो नाही. खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आणि स्वयंचलित ब्रेक असलेलंच मॉडेल घेतोय, त्यासाठी रंग आणि सनरूफ सोडलं.

लांबपल्ला

मी असतो तर पिशवी बदलून सेडानच घेतली असती आणि आईसाठी सीटवर घट्ट उशी टाकली असती. असो. दर दीड तासाला थांबणार असं लिहिलंय, ते घाईच्या दिवशीही पाळा.

भौतिकी

आई पुढे बसणार असतील तर सीट मागे घेतलीत ते एअरबॅगपासून अंतर राखायलाही चांगलं. पण पाठ फार रेलू देऊ नका, पट्टा खांद्यावरून सुटतो आणि धक्क्यात शरीर त्याखालून घसरतं. हेडरेस्ट डोक्याच्या माथ्यापर्यंत वर येऊन लॉक होतं का, ते गाडी ताब्यात घेण्याआधी आईंना बसवूनच बघा.

सांजवारा

शनिवारी ताबा आहे. आईला सोबत नेतोय.