जुडीतला पुदिना आणि डब्यातली हळद
बाजारच्या जुडीतला पुदिना मुळं फुटावीत म्हणून पाण्यात ठेवला की कुजतो, अशी काहींची तक्रार असते. माझाही पहिल्यांदा कुजला होता. पाण्यात बुडणारी पानं आधी खुडून टाका आणि पाणी रोज बदला. आठ-दहा दिवसांत पेरांना पांढरी मुळं फुटतात. मायाळू तर नुसता मातीत खोचला तरी लागतो.

आम्ही सांगलीकर, त्यामुळे घरात हळद असतेच. ओल्या हळदीच्या उरलेल्या कुड्यांना डोळे फुटले की अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी ती तेलाच्या जुन्या डब्यात लावते, बुडाला भोकं पाडून. पाला वाळेपर्यंत आठ-नऊ महिने थांबावं लागतं. कोकणातली जाऊ मात्र पातोळ्यांसाठी पानं आधीच पळवते!

रोपवाटिकेत ट्रेमध्ये उरलेली, लांबोडकी झालेली टोमॅटोची रोपं कधी कधी फुकट मिळतात. ती खोल लावा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. खुडलेली बगलफूटही (खोड आणि पानाच्या बेचक्यात येणारा फुटवा) टाकू नका, तिचंही रोप होतं.

शेवग्याची फांदी लावायला मनगटाएवढी जाड घ्या. आमच्या काळ्या मातीत पाणी साचून माझ्या दोन कुजल्या, तिसरी मुरूम मिसळून लावली तेव्हा जगली.