मदत हवी आहे: क्रोमियम जिवाणूंनी घालवलं की नुसत्या चिखलानं?

नमस्कार मंडळी,

मी एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प खाडीतल्या धातू-क्षपण करणाऱ्या (म्हणजे धातूला इलेक्ट्रॉन देऊन त्याची संयुजा कमी करणाऱ्या) जिवाणूंवर, आणि तो मी हट्टानं घेतलाय. बाबांनी कुर्ल्यातल्या एका गाळ्यात क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर अठरा वर्षं काढली. टाकीच्या वाफेनं त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलंय. तिथलं पिवळं पाणी थेट गटारात जायचं, तिथून मिठी नदीत.

हे जिवाणू ऑक्सिजन नसला की त्याच्या जागी लोह वापरून श्वास चालवतात. त्यातलाच एक, जिओबॅक्टर, १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून वेगळा केला गेला. पुढे कोलोरॅडोतल्या रायफल गावी जमिनीत ॲसिटेट (जिवाणूंचं खाद्य) सोडून भूजलातलं विरघळलेलं युरेनियम या जिवाणूंकरवी गाळात बसवून दाखवलं. तसंच विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी झालं की ते पाण्यात फारसं राहत नाही, खाली बसतं.

आता अडचण. माहीमच्या खाडीचा काळा चिखल, जिवाणूंना खाद्य म्हणून लॅक्टेट आणि लिटरला २० मिलिग्रॅम सहा-संयुजी क्रोमियम घेतलं, ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडून बाटल्या रबरी बुचानं बंद केल्या. चौथ्या दिवशी पाण्याचा पिवळेपणा गेला, डायफेनिलकार्बाझाइड (सहा-संयुजी क्रोमियम असलं की जांभळं होणारं रसायन) टाकल्यावर जांभळा रंग येईना. मी जाम खूश! मग ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेनं जिवाणू मारलेल्या) चिखलाची बाटली तपासली. तिच्यातही निम्म्याहून जास्त क्रोमियम गायब. बूच काढलं तर दोन्हींना सडक्या अंड्यांचा वास.

मग माझ्या जिवाणूंचं काम वेगळं दाखवायचं कसं? तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न हाच येणार. कुणी खारट गाळावर काम केलंय का?

प्रतिसाद:
वासातच उत्तर आहे. खाडीच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे चिखलात सल्फाइड आणि फेरस लोह आधीच साठलेलं असतं, आणि दोन्ही जिवाणूंशिवायही क्रोमियमचं क्षपण करतात. ऑटोक्लेव्हनं जिवाणू मेले, रसायन तसंच राहिलं. थेट चिखल वापरू नकोस. सल्फेट न घातलेल्या खारट फेरिक सायट्रेट (विरघळणारं लोह) माध्यमात, माध्यमाच्या एक दशांश इतका चिखल घाल, मग त्याच प्रमाणात तीन-चार वेळा पुढच्या ताज्या बाटलीत ने, चिखलाचा कणही उरू देऊ नकोस. मग पेशी धुऊन क्रोमियमच्या ताज्या द्रावणात घाल. नियंत्रण म्हणून (तुलनेसाठी) तितक्याच पेशी उकळून, आणि एक बाटली लॅक्टेटशिवाय. बाटल्या प्रत्येकी तीन ठेव. आणि बाबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलंस ना?