तुमची सायकल कधी सुटली?

माळावाली
काल माळा आवरताना बाबांच्या सायकलचा बिल्ला सापडला. महापालिकेचा सायकलवरचा कर भरला की मिळायचा तो, पत्र्याचा. बाबा सदाशिव पेठेतून खडकीला कारखान्यात जायचे, सायकलनेच. वाड्यात अकरा सायकली होत्या, भिंतीला टेकवलेल्या. १९७२ला चेतक स्कूटर बाजारात आली, लुनाही त्याच साली. एक आकुर्डीत बनायची, दुसरी नगरला. म्हणजे सायकलींच्या पुण्याला घरच्यांनीच बुडवलं म्हणायचं! आमच्याकडे ८४ला लुना आली आणि सायकल जिन्याखाली गेली, ती गेलीच. तुमची कधी सुटली?

खडकीकर
बिल्ला!!! आणि डबलसीट दिसलं की मामा हवा सोडायचे

माळावाली
दिवा नसला की?

खडकीकर
उतरून चालायचं. चौक ओलांडला की परत टांग 😀

उशिरालिहितेय
सुटली नाही, सोडवली. कर्वे रोडला बस इतकी घासून गेली की घरी येऊन हात थरथरत होते. सायकल ट्रॅक होता की, पण त्यावर भेळेची गाडी. कुकर झाला, नंतर लिहिते

चाकोरी
भेळ कुठली?

गोदाकाठ
नाशकात उलटंच. २०१५ला महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम सायकल शर्यत पूर्ण केली आणि आमच्या सोसायटीत हेल्मेटवाले काका उगवले. रविवारी चाळीस किमी. कोपऱ्यावरून दूध आणायला मात्र अॅक्टिवा. (मीपण त्यातलाच)

खडकीकर
चाळीस किमी की मिसळीपर्यंत? 😜

अंबडची
तुमच्याकडे सुटली, आमच्याकडे तेव्हा आली. आठवीत मानव विकास या सरकारी योजनेतून मिळाली. शाळा लांब, एस्टीचा भरवसा नाही. वस्तीवरच्या आम्ही चौघी एकदम निघायचो. त्याआधी मोठ्या ताईची शाळा सातवीलाच सुटली होती. मग संध्याकाळी मी तिला शिकवली सायकल, शेताच्या बांधावर. दोनदा विहिरीच्या कठड्यावर आदळली, पण शिकली.

माळावाली
अंबडची, ताईला नमस्कार सांग गं 🙏

पाषाणकर
२०१७च्या डिसेंबरात औंधला भाड्याच्या सायकली आल्या होत्या, मोबाइलने कुलूप उघडायच्या. आठवडाभर ऑफिसला नेली. पुढे एक नदीपात्रात आडवी पडलेली दिसली. नंतर त्या रस्त्याला मेट्रोचं काम निघालं, चालायचेच वांधे झाले

चाकोरी
अहो भेळ??

उशिरालिहितेय
आले. भेळ बरी होती, चिंच जास्त. पंक्चर काढून मुलाला दिली सायकल, तो व्यायामाच्या सायकलवर बसतो. घरात. एसी लावून.

माळावाली
😂 बिल्ला टाकून देणार होते. आई म्हणाली, ठेव गं, दंड पडेल.