मास्टर लिस्ट कुठे अपुरी पडते
काही जण म्हणतात, कारखान्याच्या दर्जाविषयक कागदपत्रांसाठी एक्सेलमध्ये मास्टर लिस्ट (सगळ्या कागदांची यादी) असली की पुरे, ऑन्टॉलॉजीचं, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातली नाती संगणकाला कळतील अशी नोंदायचं, लचांड कशाला. आयएसओ ९००१:२०१५ या दर्जा व्यवस्थापनाच्या मानकातल्या ७.५ कलमातली कागदांची मंजुरी, आवृत्ती, वितरण एवढंच बघायचं तर लिस्ट चालते, मान्य. पण भोसरी-चाकणचा एखादा ऑटो पार्टवाला घ्या. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की पीएफएमईए (प्रक्रियेत काय चुकू शकतं याचं विश्लेषण), कंट्रोल प्लॅन (काय, कसं, किती वेळा तपासायचं ते), मशीनपाशी लटकवलेली वर्क इन्स्ट्रक्शन, कधी कधी गेज (माप तपासायचं साधन) सुद्धा, सगळं हलतं. लिस्टमध्ये या सगळ्या सुट्या ओळी. 'हा कंट्रोल प्लॅन या ड्रॉइंगवरून निघाला' हे नातं फक्त क्यूएवाल्याच्या (दर्जा सांभाळणाऱ्याच्या) डोक्यात, आणि साहेब नेमके ऑडिटच्या दिवशी रजेवर! ऑन्टॉलॉजीत ते नातंच नोंदलेलं असतं, त्यामुळे कुठले कागद बदलायचे ते एका क्वेरीत कळतं.

एक मात्र सांभाळा. या गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट जोडलेलंच नाही, हे नुसतं ओडब्ल्यूएल (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) सांगणार नाही. त्याच्या लेखी न नोंदलेलं म्हणजे अज्ञात, गैरहजर नव्हे. ती तपासणी शॅकलने (नोंदी ठरलेल्या नियमांत बसतात का ते बघायची भाषा) करा, २०१७ पासून ते वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे. आणि सुरुवात ड्रॉइंग, प्रक्रिया, कंट्रोल प्लॅन, गेज एवढ्यानेच करा. खरेदी, एचआर वगैरे नंतर बघता येईल.